अपडेटनंतर लॅपटॉप उठत नाही, तेव्हा

या वेळी एकाच विषयाची पत्रं एकत्र घेतली आहेत: बायोसचं, म्हणजे लॅपटॉप सुरू करून देणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमचं (फर्मवेअरचं) अपडेट झालं आणि मशीन बिघडलं. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या माझ्या टेबलावर अशी मशिनं सारखी येतात. त्यातली बरीच आधी कुठेतरी ‘बोर्ड गेला’ असं ऐकून आलेली असतात. या दोन शब्दांवर विश्वास ठेवून लोक चांगली मशिनं भंगारात देतात, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न : ताई, मी वाई तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. माझा लॅपटॉप पाच वर्षांचा आहे. रविवारी रात्री अपडेट आलं म्हणून ‘रीस्टार्ट नाऊ’ दाबलं. कंपनीचं चिन्ह आणि खाली एक पट्टी आली, ती भरत गेली, मग पडदा पूर्ण काळा झाला आणि पंखा जोरात फिरू लागला. दहा मिनिटं वाट पाहिली. काहीच होईना म्हणून बटण दाबून धरलं आणि बंद केला. तेव्हापासून चालू केला की पॉवरचा दिवा लागतो, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो, पण पडद्यावर काही येत नाही. दुकानात मदरबोर्ड गेला म्हणाले, १४,५०० रुपये खर्च सांगितला. माझ्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या त्यात आहेत, साठेक तरी असतील. आई गेल्या वर्षी गेली. दुसरीकडे कुठेही त्या ठेवलेल्या नाहीत. बोर्ड बदलला तर ओव्या राहतील का?
– एक शिक्षिका, वाई

उत्तर : बाई, आधी ओव्यांचं बोलू, बोर्डाचं नंतर.

ओव्या डिस्कमध्ये आहेत. बायोस राहतो बोर्डावरच्या एका वेगळ्या चिपमध्ये, आणि त्याचं अपडेट तिथेच लिहिलं जातं. तुमच्या फायलींना ते हात लावत नाही. पाच वर्षांपूर्वीच्या बहुतेक लॅपटॉपांत डिस्क म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी एक पट्टी असते, एकाच स्क्रूने बसवलेली. ती काढून यूएसबीच्या केसमध्ये घातली की दुसऱ्या लॅपटॉपला पेन ड्राइव्हसारखी लागते. तुमच्या गावात हे करणारं कोणी नसेल तर वाईत किंवा साताऱ्यात अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्यासमोर करून घ्या, आणि फायली दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घेतल्याशिवाय पुढचं काही करू देऊ नका. काही पातळ मशिनांत डिस्क बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तुमचं तसं निघालं तर बोर्ड बदलायला अजिबात होकार देऊ नका. त्या बोर्डाबरोबर आईचा आवाजही जाईल.

एक अडचण येऊ शकते. डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्यावर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. म्हणजे विंडोजने डिस्क कुलूपबंद करून ठेवली आहे. या कुलपाची किल्ली बोर्डावरच्या टीपीएममध्ये, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षेच्या भागात असते, म्हणून बोर्ड बदलला तरीही हीच की लागते. ती कुठे मिळते ते पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे. आत्ताच बघून ठेवा.

आता त्या रात्री काय झालं असावं, ते सांगते. बायोसची चिप आठ पायांची असते, करंगळीच्या नखाहून लहान. तिच्यात साधारण १६ किंवा ३२ मेगाबाइट जागा. बटण दाबल्यावर प्रोसेसर सगळ्यात आधी तिच्यातलं वाचतो. मेमरी कशी चालू करायची, पडदा कसा लावायचा, डिस्क कुठे आहे, हे सगळं तिच्यात. अपडेट म्हणजे या चिपमधलं पुसून नवीन लिहिणं. शिवाय कीबोर्ड, पंखा आणि चार्जिंग सांभाळणारा एक छोटा कंट्रोलर बोर्डावर असतो, त्याचा प्रोग्रॅमही पुष्कळदा त्याच फेरीत बदलला जातो. तो बदलला जात असताना पंख्यावर लक्ष ठेवायला कोणीच नसतं, म्हणून पंखा पूर्ण वेगाने फिरतो आणि पडदा काळा राहतो. तुम्ही जे पाहिलंत ते मशीन मरत असल्याचं चित्र नव्हतं. मशीन काम करत होतं. पण ‘अजून पंधरा मिनिटं थांबा’ असं पडद्यावर कोणी लिहीत नाही, आणि घाबरलेला माणूस बटण दाबणारच. याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. वाचकांसाठी एवढंच सांगते की चार्जर लावलेला असेल तर अशा वेळी निदान एक तास मशीनला हात लावू नका.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो लुकलुकणारा दिवा. आत कोणीतरी जागं आहे आणि काय बिघडलं ते सांगायचा प्रयत्न करतंय. तो किती वेळा लुकलुकतो आणि मग किती थांबतो, ते मोजा. मोबाइलवर व्हिडिओ काढलात तर सावकाश मोजता येईल. बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मॉडेलप्रमाणे या लुकलुकीचा तक्ता असतो, आणि मॅन्युअल पुष्कळदा कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं. डेलच्या बऱ्याच मशिनांत हीच खूण कॅप्स लॉकऐवजी बॅटरीच्या दिव्यावर येते. दोनदा नारिंगी आणि तीनदा पांढरा म्हणजे रॅम सापडत नाही. तीनदा नारिंगी, तीनदा पांढरा म्हणजे बायोसची रिकव्हरी प्रत सापडत नाही. या दोन दुखण्यांची औषधं अगदी वेगळी आहेत, आणि मोजल्याशिवाय दोन्ही मशिनं सारखीच ‘डेड’ दिसतात.

मोजून झाल्यावर चार्जर काढा. बॅटरी आत असेल तर झाकण उघडून तिचं कनेक्टर सुटं करायला सांगा. मग पॉवरचं बटण पूर्ण एक मिनिट दाबून धरा. बोर्डावर उरलेला चार्ज त्याने निघून जातो. त्यानंतर फक्त चार्जर लावून चालू करा आणि पडदा काळा असला तरी पंधरा मिनिटं बसून राहा. नव्या बायोसने पहिल्यांदा उठताना मशीन रॅम नव्याने तपासून जुळवून घेतं, त्याला काही मिनिटं लागतात, एखाद-दोन वेळा आपोआप बंद-चालूही होतं. माझ्याकडे आलेली कित्येक मशिनं इथेच उठली आहेत. त्यांच्यासाठी मी पैसे घेतलेले नाहीत. नाही उठलं, तर रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एकच ठेवून बघायचं, मग दुसरी, मग दुसऱ्या खाचेत.

तेही जमलं नाही, तर पेन ड्राइव्हवरून बायोस परत भरायचा. चिपमधला सुरुवातीचा छोटा तुकडा बहुतेक वेळा शाबूत राहतो आणि एवढं काम त्याला येतं. एचपीच्या बऱ्याच मशिनांत विंडोजची कळ आणि बी एकत्र दाबून धरायच्या, त्यातच पॉवरचं बटण दोन-तीन सेकंद दाबून सोडायचं आणि त्या दोन कळा तशाच धरून ठेवायच्या. काही मॉडेलना बीऐवजी व्ही लागतं. डेलमध्ये कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जरची पिन लावायची. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, आणि फाइल तुमच्याच मॉडेलची, कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून उतरवलेली. त्या फाइलला कोणतं नाव द्यायचं हेही तिथेच दिलेलं असतं, आणि ते अक्षरशः तसंच लागतं. काही कंपन्या बायोसची एक प्रत डिस्कवरच्या छोट्या ईएफआय विभागातही (मशीन सुरू करायच्या फायलींच्या कप्प्यात) ठेवतात. म्हणून ओव्या उतरवून झाल्या की डिस्क परत जागेवर बसवा आणि मगच हा प्रयत्न करा.

इतकं करूनही काही आलं नाही, तर चिप लेव्हलचं काम करणाऱ्याकडे जा आणि त्याला सरळ विचारा, ‘बायोस प्रोग्रॅम करून पाहाल का, आणि मूळचा डंप जपून ठेवाल का?’ डंप म्हणजे चिपमध्ये जे लिहिलेलं आहे त्याची जशीच्या तशी प्रत. या प्रश्नावर तो बोर्डाची किंमत सांगायला लागला तर दुसऱ्याकडे जा. बोर्ड खरंच जातात, नाही असं नाही. पण अपडेटच्या आधीच्या मिनिटापर्यंत चालणारा बोर्ड अपडेटने जळत नाही. त्याच्यावरचं लिहिलेलं बिघडतं, आणि लिहिलेलं पुन्हा लिहिता येतं.

प्रश्न : वडिलांच्या लॅपटॉपचं बायोस अपडेट नीट झालं, पण आता सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘बिटलॉकर रिकव्हरी’ असं येतं आणि ४८ आकडे मागतं. आम्ही कधीच कसला पासवर्ड लावला नव्हता. हा व्हायरस आहे का? फॉरमॅट करावं का?
– एक विद्यार्थी, जालना

उत्तर : व्हायरस नाही, आणि फॉरमॅट तर मुळीच करू नका. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ मशिनांत पहिल्यांदा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत गेलात की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बिटलॉकर हे त्या कुलपाचं नाव. मालकाला बहुतेक वेळा कळतही नाही. मशीन सुरू होताना टीपीएम बायोसची एक प्रकारची सही तपासतो. ती ओळखीची असली तर किल्ली देतो. अपडेटने बायोस बदलला, सही बदलली, म्हणून त्याने किल्ली रोखून धरली आणि मालकाला विचारायला लावलं. त्याने त्याचं काम चोख केलं.

त्या निळ्या पडद्यावर ‘की आयडी’ म्हणून अक्षरं-आकडे दिसतात, त्यातले पहिले आठ लिहून घ्या. मग मोबाइलवरून वडिलांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, डिव्हाइसच्या यादीत रिकव्हरी की सापडेल. आठ अक्षरं जुळणारी की घाला. वडिलांच्या खात्यात नसेल, तर मशीन घेतलं त्या दिवशी कोणी सेटअप करून दिलं ते आठवा. दुकानातल्या मुलाने, पुतण्याने, ऑफिसातल्या कोणी. की त्या माणसाच्या खात्यात असते. एका आजोबांची की त्यांच्या पुण्यातल्या भाचीच्या खात्यात सापडली होती, तिने चार वर्षांपूर्वी दिवाळीत तो लॅपटॉप सुरू करून दिला होता. ऑफिसचं मशीन असेल तर तिथल्या आयटी विभागाकडे मागा.

की कुठेच सापडली नाही, तर डिस्कवरचं परत मिळवून देतो असं सांगणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नका. हे कुलूप तोडता येत नाही.

एकदा आत गेलात की बिटलॉकर ‘सस्पेंड’ करून पुन्हा चालू करा, म्हणजे नवी सही नोंदली जाईल आणि दर वेळी आकडे मागणार नाही. विंडोजच्या होम आवृत्तीत हा पर्याय समोर दिसत नाही. तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन एकदा बंद करून, पूर्ण उघडेपर्यंत थांबून, परत चालू करता येतं.

प्रश्न : मी बेळगावात हिशेबाचं काम करते. जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायची २० तारीख दोन दिवसांवर असताना लॅपटॉपने बायोस अपडेट केलं आणि आता ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणतो. शेजारच्या दुकानात हार्ड डिस्क उडाली म्हणाले आणि नवीन घालून विंडोज टाकून देतो म्हणाले. माझ्या सगळ्या पक्षकारांचा टॅलीचा डेटा त्यात आहे.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : ताई, तुमचं पत्र मिळाल्याबरोबर फोन केला होता, पण इतरांच्या उपयोगासाठी इथेही लिहिते.

तुमचं मशीन खूप पुढपर्यंत पोचलं आहे. पडदा आला, रॅम चालली, इंग्रजीत वाक्य लिहून दाखवलं. अडलंय ते फक्त डिस्कपाशी. सुरू होताना एफ२, काही मशिनांत एफ१० किंवा डिलीट, दाबून बायोसच्या आत जा आणि माहितीच्या पानावर डिस्कचं नाव दिसतं का बघा. नाव दिसलं तर डिस्क बहुतेक ठीक आहे, आणि ‘उडाली’ हे न बघता सांगितलेलं आहे.

मग दोन जागा बघायच्या. अपडेटनंतर बायोसच्या सेटिंग्ज कधीकधी कारखान्यातल्यासारख्या होतात. स्टोरेजच्या पानावर इंटेलच्या मशिनांत डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती असतात: एक एएचसीआय, दुसरी रेड (RAID), तिलाच काही ठिकाणी आरएसटी किंवा व्हीएमडी म्हणतात. विंडोज ज्या पद्धतीत टाकलं होतं ती बदलली गेली की विंडोजला स्वतःची डिस्क दिसेनाशी होते. निळा पडदा येऊन ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं म्हणालं, तर शंभरातून नव्वद वेळा हेच, असा माझा अनुभव. आत्ता जी पद्धत आहे तिच्याऐवजी दुसरी करा, सेव्ह करून बाहेर या. नाही चाललं तर परत पहिली करा. एवढ्याने डेटाला काही होत नाही. मात्र त्या पानावर नवीन ‘व्हॉल्यूम’ तयार करायचा पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका.

दुसरी जागा बूटची, म्हणजे मशीन कशावरून सुरू व्हायचं त्याची यादी. तिथे ‘विंडोज बूट मॅनेजर’ असं नाव हवं. ते गळून गेलं असेल तर काही मशिनांत हाताने परत घालता येतं. ईएफआय फोल्डर, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात बूट, आणि त्यातली बूटएमजीएफडब्ल्यू ही फाइल दाखवायची. जुन्या मशिनांत ‘लेगसी’चं, म्हणजे सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीचं, ‘यूईएफआय’, म्हणजे नवी पद्धत झालेलं असतं, तेही बघा. तारीखही बघून घ्या. ती मागे गेली असेल तर विंडोज उघडेल, पण जीएसटीचं पोर्टल सर्टिफिकेटची तक्रार करून उघडणार नाही, आणि तुम्ही पुन्हा घाबराल.

तुमच्याकडे फोनवर पद्धत बदलल्याबरोबर विंडोज आलं. त्या दुकानात होकार दिला असता तर फार वाईट झालं असतं. डेटाच्या मशीनवर ‘विंडोज टाकून देतो’ हे पहिलं औषध सुचवणारा माणूस मला सहन होत नाही.

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांचा आहे, बार्शीत मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्ती करतो. प्रोग्रॅमर (चिप वाचायचं-लिहायचं यंत्र) घेतला आणि अपडेटमध्ये डेड झालेल्या एका लॅपटॉपला नेटवरून त्याच मॉडेलची बिन फाइल, म्हणजे चिपमधल्या मजकुराची प्रत उतरवून बायोस मारला. डिस्प्ले आला, फार आनंद झाला. पण मशीन बरोबर अर्ध्या तासाने आपोआप बंद होतं. सिरीयल नंबर रिकामा दिसतो आणि विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा म्हणतं. काय चुकलं?
– एक तरुण कारागीर, बार्शी

उत्तर : तू वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते. डिस्प्ले आणलास हे छोटं काम नाही. पण चिपमध्ये फक्त बायोस असतो असं तू धरून चाललास, तिथे चुकलं.

इंटेलच्या बोर्डावर या चिपचे भाग पाडलेले असतात. सुरुवातीला डिस्क्रिप्टर, म्हणजे कुठे काय आहे त्याचा नकाशा. मग मॅनेजमेंट इंजिनचा, म्हणजे इंटेलच्या आतल्या एका वेगळ्या छोट्या प्रोसेसरच्या प्रोग्रॅमचा भाग, ज्याला आपण एमई म्हणतो. काही मशिनांत लॅन कार्डाचा भाग, त्यात मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची ओळख. आणि मग बायोस. नेटवरची ती फाइल कोणाच्या तरी चालू मशीनमधून काढलेली आहे, म्हणून तिच्यातला एमई त्या बोर्डाशी जुळवलेला आहे. तुझ्या बोर्डावर तो नीट उठत नाही, आणि एमई उठला नाही की बऱ्याच पिढ्यांच्या इंटेल मशिनांत तीस मिनिटांनी बोर्ड स्वतःला बंद करतो. म्हणूनच ते ‘बरोबर’ अर्ध्या तासाने होतंय. रॅम, पंखा, बॅटरी बदलत बसू नकोस. त्याच आवृत्तीचा, कोणत्याही मशीनशी न जुळवलेला स्वच्छ एमई त्या फाइलमध्ये बसवून चिप पुन्हा लिही.

सिरीयल नंबर आणि यूयूआयडी (मशीनचा स्वतःचा ओळख क्रमांक) त्या चिपमध्येच होते. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून कंपन्या विंडोजची कीसुद्धा फर्मवेअरमध्येच ठेवतात. तू पूर्ण चिप पुसलीस तेव्हा हे सगळं गेलं. सिरीयल नंबर खालच्या झाकणावर असतो, तो परत लिहायला कंपनीचं डीएमआयचं, म्हणजे मशीनची ओळख चिपमध्ये लिहिण्याचं साधन लागतं. विंडोजसाठी गिऱ्हाइकाचं मायक्रोसॉफ्ट खातं जोडलेलं होतं का विचार. असेल तर अ‍ॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमधून ते परत मिळू शकतं. गिऱ्हाइकाला हे तू स्वतःहून सांग, त्याने विचारायची वाट पाहू नकोस.

इथून पुढे चिपला काहीही लिहिण्याआधी तिच्यातलं आहे ते वाचून घे. तीन वेळा वाच, तिन्ही फायली एकसारख्या आहेत का ते पडताळून बघ. वेगळ्या आल्या तर चिपला पकडणारी क्लिप नीट बसलेली नाही, किंवा बॅटरी, चार्जर, ते ३ व्होल्टचं बटण-सेल यातलं काहीतरी जोडलेलं राहिलंय. बिघडलेल्या डंपमध्येही सिरीयल, मॅक आणि की बहुतेक वेळा शाबूत असतात. ते भाग तसेच ठेवून फक्त बायोसचा भाग नवा भरायचा. आणि गिऱ्हाइकाकडून बिटलॉकरची की आधी मागून घे. कित्येक मशिनांत टीपीएम म्हणजे वेगळी चिप नसतेच, त्याचा साठा याच चिपमध्ये असतो. तू पुसलंस की डिस्कचं कुलूप लागलंच म्हणून समज.

आता व्होल्टेज. २०१६ साली कोरेगावच्या एका मुलीचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यात. चिपवरचा नंबर मी घाईत अर्धाच वाचला आणि क्लिप लावली. चिप १.८ व्होल्टची होती, मी ३.३ दिले. चिप तर गेलीच, पण मूळ डंप घेतलेला नव्हता म्हणून सिरीयलही गेला आणि तिच्या विंडोजची कीही. पुण्याला जाऊन तपकीर गल्लीतून नवी चिप आणली, मशीन चालू करून दिलं, प्रोजेक्ट डिस्कवर होता तो वाचला. पण तिच्या मशीनची ओळख मी पुसली होती आणि ती तिला पूर्णपणे परत देऊ शकले नाही. त्याची बोचणी अजून आहे. म्हणून नीट वाच: विनबाँडच्या चिपवर डब्ल्यू२५क्यू१२८ नंतर जेव्ही किंवा एफव्ही असेल तर ३.३ व्होल्ट. जेडब्ल्यू किंवा एफडब्ल्यू असेल तर १.८. एका अक्षराचा फरक आहे. भिंगाखाली धर, मोबाइलवर फोटो काढ, मोठा करून बघ. सीएच३४१ए हा काळा स्वस्त प्रोग्रॅमर तू घेतला असशील, तर त्याच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, चिपचा पुरवठा ३.३ असला तरी. त्यात बदल करून घे किंवा दुसरा घे. १.८ च्या चिपला मधला अ‍ॅडॉप्टर लावल्याशिवाय हात लावू नकोस.

आणखी एक. चिप नव्याने लिहिली की बायोसचा पासवर्डही बहुधा निघतो, हे चोरलेली मशिनं आणणाऱ्यांनाही ठाऊक असतं. पासवर्ड लागलेलं मशीन आलं तर बिल माग. मी बिलाशिवाय ते काम करत नाही, दोनदा गिऱ्हाईक चिडून निघून गेलं तरी.

प्रश्न : निवृत्त माणसाने बायोस अपडेट करावंच का? चाललंय ते चालू द्यावं असं मला वाटतं.
– एक वाचक, कणकवली

उत्तर : तुमचं म्हणणं मी पाच-सहा वर्षांपूर्वी पूर्ण मान्य केलं असतं. आता नाही. बायोसच्या चिपवर हल्ला ही जुनी गोष्ट आहे. सीआयएच नावाच्या व्हायरसने २६ एप्रिल १९९९ ला जगभरातल्या संगणकांच्या बायोसच्या चिपा पुसल्या होत्या, तेव्हा लोकांना चिपाच बदलाव्या लागल्या. हल्लीचे हल्ले पुसत नाहीत, लपून बसतात. डिसेंबर २०२३ मध्ये बायनर्ली या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की सुरू होताना दिसणारं कंपनीचं चिन्ह वाचणाऱ्या कोडमध्येच त्रुटी आहेत, आणि चिन्हाच्या चित्रातून घातक कोड आत घालता येतो. विंडोज नव्याने टाकलं तरी असलं काही निघत नाही. अशा त्रुटी बुजवायला बायोस अपडेटच लागतं. शिवाय सिक्युअर बूटच्या, म्हणजे सुरू होताना प्रोग्रॅमची सही तपासणाऱ्या सोयीच्या, २०११ सालच्या सर्टिफिकेटांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. त्याने मशीन बंद पडत नाही, पण नवी सर्टिफिकेटं नसलेल्या मशीनला सुरू होण्याच्या टप्प्यातली पुढची सुरक्षा मिळत नाही, आणि ती नीट बसायला काही मशिनांत बायोसही नवा लागतो.

तेव्हा करा, पण कंपनीच्या साइटवर त्या आवृत्तीपुढे काय लिहिलंय ते वाचून. ‘सुरक्षा’ असा शब्द असेल तर करा. एखाद्या नव्या डॉकिंग स्टेशनची सोय वाढवलेली असेल आणि तुमच्याकडे ते नसेल, तर सोडून द्या. सकाळी करा, दुकानं उघडी असताना. चार्जर लावलेला आणि बॅटरी अर्ध्याच्या वर हवी. बॅटरी मेलेली असेल आणि मशीन नुसत्या चार्जरवर चालत असेल, तर आधी बॅटरी बदला. कोकणात पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि लिहिणं अर्ध्यावर तुटलं की पहिल्या पत्रातल्या बाईंसारखं होतं. बिटलॉकरची की कागदावर लिहून बँकेच्या पासबुकात ठेवा, लॅपटॉपच्या पिशवीत नको.

ताजा कलम : अंक छापायला जाण्याआधी वाईच्या बाई मशीन घेऊन आल्या. कॅप्स लॉक दोनदा लुकलुकत होता. डिस्क आधी काढली. तिने की मागितली नाही. ओव्यांच्या ६३ फायली निघाल्या, त्यातल्या दोन बाईंना माहीतही नव्हत्या. एका डिस्कवर आणि त्यांच्या भावाच्या संगणकावर उतरवून दिल्या. पेन ड्राइव्हची पद्धत या मशीनवर चालली नाही. चिपचा डंप घेतला आहे, तिन्ही वेळा सारखा आला. शुक्रवारी चिप लिहायला घेणार आहे.